स्टॉपर ते कोच : नाशिकमधून सुरुवात कशी करावी

फुटबॉलमध्ये स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणाऱ्याला, जवळजवळ अख्खं मैदान समोर दिसतं. जर्मन बचावपटू बेकनबाउअर यांनी पश्चिम जर्मनीला १९७४ मध्ये कर्णधार म्हणून आणि १९९० मध्ये प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकून दिला. मोहन बागानचे बचावपटू सुब्रत भट्टाचार्य यांनी पुढे त्याच क्लबला प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय लीग मिळवून दिली. पण जे आपल्याला दिसतं ते पोरांना दाखवणं हे वेगळं काम आहे आणि ते मुद्दाम शिकावं लागतं.

आधी प्रशिक्षकाचा परवाना. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची वाट डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढत जाते. महाराष्ट्राची संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन मुंबईत आहे, त्यामुळे कोर्ससाठी पंचवटी एक्सप्रेसची सवय ठेवा. मात्र खेळ सोडायची वाट बघू नका; खेळत असतानाच तेरा वर्षांखालच्या मुलांचा संघ हाती घ्या.

पहिला सराव बचावाच्या लाइनचा. ३० बाय २० मीटरचा चौकोन आखा. चार बचावपटू, सहा आक्रमक. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, असे चार फेरे. मुलांना एकच प्रश्न द्या : चेंडूवर दबाव आहे का? असेल तर लाइन दोन-तीन पावलं पुढे. चेंडूवाला मोकळा असेल, मान वर करून बघत असेल, तर लगेच मागे, कारण आता लांब पास येणार. मुलं हमखास चुकतात ती उभं राहण्यात : छाती चेंडूकडे, नजरही चेंडूवर, आणि पाठीमागून धावणारा फॉरवर्ड दिसतच नाही. अंग तिरकं ठेवायला लावा, म्हणजे चेंडू आणि माणूस दोन्ही नजरेत राहतात. बचावपटूंमधलं अंतर आठ-दहा मीटर. त्याहून वाढलं की मधून पास सुटतो.

माजी स्टॉपर हमखास करतो ती चूक म्हणजे मॅचभर ओरडणं. खेळताना ते ओरडणं गरजेचं होतं. आता मात्र मुलं चेंडू मिळाला की तुमच्याकडे बघतात आणि तेवढ्यात चेंडू जातो. सांगायचं ते सरावात आणि मध्यंतरात, तेही दोन मुद्दे. दुसरी चूक, फक्त बचाव शिकवणं. आठवड्यातला निम्मा सराव आक्रमणाला द्याच.

जून ते सप्टेंबर काळ्या मातीचा चिखल होतो आणि जमिनीवरचा पास मध्येच थांबतो. त्या दिवसांत गोलकीपरकडे लांबून बॅकपास बंद. चेंडू साइडलाइनकडे काढायला शिकवा.