दूध-गहू बंद असलेल्या लेकराला सुकामेवा आणि फळं कशी सुरू करायची

डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीमुळे लेकराचं दूध बंद सांगितलं की घरातले सगळे घाबरून बाकीचंही बंद करून टाकतात, काजू नको, बदाम नको, केळं नको सर्दी होईल, आंबा नको उष्ण पडेल, आणि मग त्या लेकराच्या ताटात नुसता वरणभात आणि बटाटा उरतो. माझ्या मुलीचं दूध आणि गहू दोन्ही बंद आहे, तर मनापासून सांगते, जे बंद सांगितलं तेवढंच बंद ठेवा, बाकी सगळं एकेक करून ताटात आणायचंच. दूध गेलं की त्यातलं फॅट, प्रोटीन, कॅल्शियम दुसरीकडून कुठून तरी यायला पाहिजे नं, आणि तीळ, बदाम, फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, नाचणी या आपल्या घरातल्याच गोष्टी आहेत.

आधी हे बघा की कोणाला घरी सुरू करायचं नाही. ज्या गोष्टीने आधी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, लगेच उलट्या झाल्या किंवा श्वासाला त्रास झाला ती गोष्ट घरी परत द्यायची नाही, कणभरही नाही, ती टेस्ट हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर थोडी-थोडी वाढवत करतात. एक्झिमा (कातडी कोरडी, लाल होऊन सतत खाजणं) खूप असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर फल्लीदाणा देण्याआधीही विचारून घ्या. आणि ते अ‍ॅलर्जीसाठी रक्ताच्या तपासण्यांचं मोठं पॅनेल करून वीस-तीस गोष्टींपुढे पॉझिटिव्ह लिहून येतं ना, ते बघून सगळं एकदम बंद करू नका, पॉझिटिव्ह आलं म्हणजे खाल्ल्यावर त्रास होईलच असं नसतं, लेकरू ती गोष्ट आधीपासून मजेत खात असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पूर्वी सांगायचे की दाणे-काजू जितके उशिरा द्याल तितकं सेफ. तसं नाही. 2015 साली लंडनच्या एका अभ्यासाचे रिझल्ट आले, त्यात एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली 640 बाळं होती, 4 ते 11 महिन्यांच्या वयात घेतलेली, अर्ध्यांना शेंगदाणा नियमित दिला आणि अर्ध्यांना पाच वर्षांपर्यंत दिलाच नाही, तर ज्यांना दिला त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्के कमी निघाली. म्हणजे विनाकारण थांबण्यानं काही वाचत नाही, उलट नुकसानच होऊ शकतं.

आता द्यायचं कसं. लेकराला ताप, सर्दी, जुलाब नाही असा दिवस बघा, वेळ सकाळची, घरी तुम्ही स्वतः असाल अशी, शाळेत किंवा पाहुण्यांकडे नाही आणि रात्री झोपायच्या आधी तर नाहीच. चमच्याच्या टोकावर येईल एवढंच द्या, दहा-पंधरा मिनिटं बघा, ठीक असेल तर थोडं अजून, आणि मग दोन तास लेकरू नजरेसमोर ठेवा कारण लगेच येणारी रिअ‍ॅक्शन बहुतेक काही मिनिटांपासून दोन तासांत दिसते. तीच गोष्ट तीन दिवस द्यायची, तोवर दुसरं नवीन काहीच नाही. बदाम, काजू, अक्रोड एकत्र केलेली पावडर बाजारात मिळते पण सुरुवातीला ती अजिबात नको, काही झालं तर कशाने झालं ते कळायलाच मार्ग राहत नाही. काय दिलं, किती वाजता, किती, नंतर शी कशी झाली, हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेत लिहून ठेवा, ओपीडीत डॉक्टरांना सांगायला सोपं जातं.

संत्र्याच्या रसाने तोंडाभोवती थोडं लाल होतं ते बऱ्याचदा आंबटपणामुळे असतं, आधी तिथं थोडं व्हॅसलीन लावून बघा. पण अंगभर गांधी, चेहऱ्यावर सूज, सततचा खोकला, शिट्टीसारखा श्वास, पुन्हा पुन्हा उलटी किंवा लेकरू एकदम गळून गेलं, यातलं काही दिसलं तर वाट बघत बसायचं नाही, 108 लावा किंवा सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, नुसतं अ‍ॅलर्जीचं सिरप पुरत नाही.

अख्खा दाणा, अख्खा काजू-बदाम पाच वर्षांच्या आत नाहीच, तो श्वासनलिकेत अडकतो. म्हणून पेस्ट. फल्लीदाणे मंद आचेवर भाजा, थंड झाले की तळहातावर चोळून साल उडवा, काळे, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे वेचून फेका, एकही ठेवू नका. मग मिक्सर थांबवत-थांबवत फिरवायचा, आधी कूट होतो, मग भांड्याच्या कडेला चिकटतो, खरवडून परत फिरवलं की तेल सुटून सैल होतो, तिथे थांबा. घट्ट गोळा नुसता तोंडात द्यायचा नाही कारण तोही टाळूला चिकटून अडकतो, कोमट पाणी किंवा भाताच्या पेजेत पातळ करायचा. बदाम रात्री भिजवून साल काढून तसाच वाटा. आपल्याकडे एप्रिल-मेमधे ही पेस्ट पटकन खवट होते, थोडीच करा आणि फ्रीजमधेच ठेवा.

गहू बंद असेल तर मिक्सरचं भांडं वेगळंच पाहिजे, ज्यात कणिक किंवा रवा फिरतो ते नको. नागपूरच्या इतवारी बाजारात सुटा सुकामेवा स्वस्त पडतो पण तिथं एकच स्कूप सगळ्या पोत्यांत फिरतो, मी तरी बंद पाकीटच घेते आणि मागचं वाचते, दूध, गहू, शेंगदाणे, सुकामेवा असेल तर लेबलवर लिहावं लागतं. हिरवा ठिपका बघून निश्चिंत होऊ नका, दूध शाकाहारीच धरतात. खारे काजू, मसाला दाणे यात कधी-कधी हिंग असतो आणि डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

काजू आणि पिस्ता जवळचे नातेवाईक आहेत, एकाची रिअ‍ॅक्शन आली तर दुसरा परस्पर देऊ नका, आधी विचारा. चारोळी पण त्याच कुळातली, आंबाही, पण काजू चालत नाही म्हणून आंबा बंद असं आपल्या मनाने करायचं नाही, बहुतेकांना चालतो.

फळं त्यामानानं सोपी. पिकलेलं केळं, पपई, चिकू, वाफवलेलं सफरचंद यापासून सुरू करा. कच्च्या फळाने तोंडात खाज येत असेल तर कधी-कधी तेच शिजवून चालतं, पण हेही डॉक्टरांना विचारून. सफरचंद, नाशपाती जास्त झालं की शी पातळ होते, ती अ‍ॅलर्जी नाही, थोडं कमी करा. संत्री आपल्याकडे आंबिया बहाराची दिवाळीच्या आसपास आणि मृगाची फेब्रुवारीपासून येतात, फोडीवरचं साल आणि बिया काढून नुसता गर द्या, वरणभातासोबत दिला तर व्हिटॅमिन सीमुळे डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं. ज्यूस नको, फळच द्या. संत्रा बर्फी मात्र फळात धरू नका, तिच्यात बहुतेक खवा असतो. सीताफळाच्या बिया स्वतः मोजून काढा, द्राक्षं उभी चिरून चार तुकडे. आंब्याचा देठाजवळचा चीक कातडीला लागून पुरळ येतो, म्हणून बैंगनफल्ली आंबा आधी पाण्यात बुडवून ठेवा, धुवा आणि जाड सोला.

सगळ्यात अवघड जाते ती बाहेरची माणसं. आजी प्रेमानं म्हणते, "एवढुशानं काय होते बापा, खाऊ दे न तिले." तिला रागवू नका, एक डबा भरून तिच्याच हातात द्या, तीळ-गुळाची वडी, भिजवलेल्या मनुका, जे-जे पास झालं ते, म्हणजे द्यायचा आनंद तिचाच राहतो. तान्ह्या पोळ्याला लेकरू लाकडी बैल घेऊन दहा घरी जातं आणि प्रत्येक घरी बिस्किट-चॉकलेट हातात येतं, तेव्हा ओळखीच्या दोन-तीन घरी आधीच आपला खाऊ नेऊन ठेवा, बाकीचा पिशवीत जमा होऊ द्या आणि घरी आल्यावर अदलाबदल करा.

आणि एखादी गोष्ट पास झाली की डब्यात पडून राहू देऊ नका, आठवड्यातून दोन-तीनदा ती पोटात गेलीच पाहिजे, फल्लीदाण्याची पेस्ट असेल तर एका वेळी साधारण दोन लहान चमचे, पातळ करून, आणि मगच यादीतलं पुढचं नाव घ्या.