लेक रोइंग टीममध्ये गेली, आता घरी काय करायचं

आमच्याकडे फिलाडेल्फियात गजर पहाटे साडेचारचा, आणि तो माझा. लेकीला आणखी दहा मिनिटं झोपू द्या. पण पिशवी रात्रीच भरलेली हवी. रोइंग म्हणजे बोट वल्हवण्याची शर्यत, आणि स्कूकिल नदीवर तिच्यावाचून बोटीतल्या बाकीच्या मुली खोळंबतात.

कपडे अंगासरशी घट्ट घ्या. सैल टी-शर्टचं टोक बोटीतल्या सरकत्या सीटखाली अडकतं. मोज्यांचा जादा जोड कायम पिशवीत.

हातांकडे मात्र मनापासून लक्ष द्या. सुरुवातीला तळव्यांवर फोड येणारच. फोड फुटला तरी कातडी ओढू नका. साबणाने धुवा, टिपून कोरडं करा, सरावाला जाताना टेप लावा. माझ्या लेकीने एकदा कातडी सोलली. रात्री वरण-भातावर लिंबू पिळलं आणि तिचे डोळे भरले. त्या आठवड्यात मी तिला पुन्हा भरवलं, इयत्ता नववीत!

भारतात आजीला हा खेळ समजेना. नाशिककडचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवत होता, हे सांगितल्यावर तिने लगेच लाडू पाठवले.

शाळांची शर्यत १५०० मीटर. पाच-सहा मिनिटांत संपते, थांबायचं मात्र दिवसभर. डब्यात दहीभात, केळी द्या, तळकट नको. तुम्ही बघायला उभं राहायचं ते शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात. मुली अंतिम रेषेकडे पाठ करून वल्हवतात, पुढे पाहते ती फक्त कॉक्स, म्हणजे बोटीला दिशा देणारी मुलगी. बोट तुम्हाला ओलांडून गेली की मगच लेकीला तुम्ही दिसता. तेव्हा हात हलवा.