आधी हात आवरायला शिकवा

स्ट्रोकनंतरच्या पुनर्वसनात मी बरीच वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं. आता परिचारिका, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांना प्रशिक्षण देते. विषय एकच: घरी गेल्यावर पेशंटला आपलं रोजचं जगणं आपल्या हातात घेता यावं, यासाठी आपण कसं वागायचं. तुमच्यावर असं प्रशिक्षण घ्यायची वेळ आली, तर मी कसं घेते ते सांगते.

स्लाइड नंतर. आधी शर्ट आणा. दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने रोजच्या वापरातला हात पाठीमागे धरून दुसऱ्या हाताने शर्टाची सगळी बटणं लावायची. समोरच्याने फक्त बसायचं. अर्ध्या मिनिटात समोरच्याचा हात पुढे येतो, जवळपास प्रत्येक गटात येतो. तिथेच थांबवा आणि विचारा, "हात का पुढे केलात?" उत्तर बहुधा येतं, "बघवेना." म्हणजे अवघडलो आपण, आणि काम काढून घेतलं त्याचं. ही गोष्ट तासभर भाषण देऊन पटत नाही, ती अशी पटते.

हे मी स्वतः चुकून शिकले. एक निवृत्त शिक्षक होते, डावी बाजू गेलेली. उजव्या हाताने त्यांनी तीन बटणं लावली. चौथं काजात शिरेना आणि पुढचा पेशंट ताटकळत होता, म्हणून ते मी लावलं. सर एक शब्द बोलले नाहीत. मी लावलेलं बटण त्यांनी काढलं आणि पुन्हा काजात घालायला लागले.

सिद्धांत यानंतर सांगा, थोडक्यात. 'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये केली. त्यांनी चार वाटा सांगितल्या: स्वतः करून जमणं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, कुणीतरी धीर देणं, आणि शरीर-मन त्या क्षणी कसं आहे ते. यात सर्वांत भक्कम वाट पहिली. आपण मात्र दिवसभर तिसरीवरच असतो: "छान, जमतंय, करा करा." सरांचं चौथं बटण म्हणजे पहिली वाट होती आणि मी ती अडवली, असं सांगितलं की गटाला वेगळं काही समजवावं लागत नाही.

मग प्रश्न विचारायचा सराव. 1984 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात डॉक्टर रुग्णाचं बोलणं सरासरी 18 सेकंदांत तोडतात असं दिसलं होतं. म्हणून प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजायचे, तोवर गप्प. "या आठवड्यात कशाचा प्रयत्न करावासा वाटतो?" असं विचारायचं. 'चालण्यात सुधारणा' हे आपलं ध्येय झालं. 'नातीला फाटकापर्यंत सोडायला जायचंय' हे त्यांचं. त्यातली पहिली पायरी तेच ठरवतील. जमेल याची खात्री शून्य ते दहामध्ये किती, हे विचारा. चार म्हणाले तर "सात का नाही?" विचारलंत की ते उणिवा मोजतील. "दोन का नाही?" विचारा, म्हणजे काय जमतं ते सांगतील. आकडा सातच्या खाली असेल तर पायरी लहान करा. हा संवाद जोडीने तीन-चार वेळा घोटून घ्या. वाचताना सोपा वाटतो, तोंडात बसायला वेळ लागतो.

वाचाघात असलेल्या, म्हणजे स्ट्रोकमुळे बोलणं किंवा बोललेलं समजणं अवघड झालेल्या पेशंटसमोर हेच प्रश्न कागदावर रेघ ओढून, चित्रं दाखवून विचारायचे आणि दहाच्या जागी वीस मोजायचे. उत्तरासाठी लगेच नातेवाइकांकडे मान वळवू नका. आणि ज्यांना आपल्या कमजोरीची जाणीवच उरलेली नाही, त्यांच्या आकड्यावर विसंबू नका. तिथे जवळ उभं राहून करून पाहू द्या, मग काय घडलं यावर बोला.

मर्यादा स्पष्ट सांगा, नाहीतर लोक 'पेशंटवर सोडून दिलं' एवढाच अर्थ घेतात. गिळण्याची तपासणी, पडण्याचा धोका, रक्तदाबाच्या गोळ्या यांची जबाबदारी आपलीच. अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर वाट न बघता तातडीने रुग्णालय, हे पेशंट आणि घरच्यांकडून त्यांच्या शब्दांत वदवून घ्या. स्ट्रोक झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना कधी ना कधी नैराश्य येतं. "काही करावंसंच वाटत नाही" म्हणणाऱ्याला आळशी ठरवू नका, त्याची तपासणी करून घ्या.

प्रशिक्षण एका दिवसात उरकू नका. दोन बैठका, मध्ये सहा-आठ आठवडे. पूर्ण टीम एकत्र बोलवा. सकाळी फिजिओने थांबायचं आणि संध्याकाळी परिचारिकेने सगळं भराभर आटपायचं, यात पेशंटची ओढाताण होते. स्ट्रोकमधून गेलेली एक तरी व्यक्ती शिकवायला घ्या. नुसतं अनुभवकथनाला नको, आखणीपासून घ्या आणि इतरांइतकंच मानधन द्या.

"वेळ कुठे आहे?" हे तुम्हाला हमखास ऐकावं लागेल. खोटं सांगू नका, सुरुवातीला वेळ जास्त लागतो. पण पलंगावरून खुर्चीत बसवताना आपण तसंही काहीबाही बोलतोच, तिथे हा एक प्रश्न बसतो.

मधल्या काळाचा गृहपाठ: पेशंटच्या लेखी परवानगीने एक संवाद रेकॉर्ड करायचा, स्वतः ऐकायचा, कोण किती बोललं ते घड्याळ लावून मोजायचं. दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाने त्यातली दोन मिनिटं ऐकवायची. मी सोबत फाइलमधल्या नोंदीही मागवते, अर्थात नावं झाकून. एका परिचारिकेची आधीची नोंद होती, 'रुग्णास कपडे घालण्यास मदत केली.' सहा आठवड्यांनंतरची होती, 'म्हणाले, वरचं बटण राहू दे, बाकीची मी लावतो. वेळ 11 मिनिटं. मी बसून होते.'