पिकअपच्या हेडलाइटला आधी रिले, मग बल्ब

रात्री पिकअपचा उजेड मिणमिणता वाटला की लोक थेट १०० वॅटचे बल्ब आणतात. होल्डर वितळतो तो त्यामुळेच, शिवाय ते नियमातही बसत नाहीत. आधी इंजिन चालू ठेवून, लाइट लावून मल्टिमीटरने बॅटरीवर आणि मग बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि बल्बपाशी १२ दिसले, तर दोष वायरिंगचा. व्होल्टेज १० टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो!

यावर उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बाजारात एच-४ बल्बसाठी (हाय आणि लो बीम एकाच बल्बमध्ये असलेला) तयार रिले किट मिळतं. जुना सॉकेट फक्त रिलेला इशारा देतो, करंट जाड वायरीतून थेट बॅटरीवरून येतो. काम करताना निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. फ्यूज बॅटरीलगतच हवा. अर्थिंगच्या, म्हणजे वायर गाडीच्या पत्र्याला जोडायच्या जागेचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या. निम्मी कामं इथेच फसतात. बल्ब मूळचाच, ६०/५५ वॅटचा ठेवा आणि काचेला बोट लावू नका.

शेवटी भिंतीसमोर फोकस खाली बसवा. मागे माल भरला की पिकअपचं नाक वर उचललं जातं, म्हणून हे नेहमीचा माल भरूनच करा.