आजींच्या संग्रहाची नोंदवही कशी करावी

खान्देशातल्या अनेक जुन्या घरांत आजींनी जपलेला एखादा संग्रह सापडतो: कानबाई या देवीच्या गाण्यांच्या वह्या, हातशिलाईच्या गोधड्या, राखेत घोळवून पुरचुंडीत बांधलेले भरताच्या वांग्याचे बी. त्याची नोंद आजी हयात असतानाच व्हायला हवी.

इंग्लंडमध्ये पोर्टलंडच्या डचेस मार्गारेट बेंटिंक (१७१५–१७८५) यांनी शंखशिंपले, वनस्पती आणि कलावस्तूंचा प्रचंड संग्रह केला होता, आणि बल्स्ट्रोड येथील त्यांच्या घरी निसर्गाचे अभ्यासक व विदुषी जमत असत. शिंपल्यांची यादी करणारे डॅनियल सोलँडर १७८२ मध्ये वारले, काम अपुरे राहिले, आणि १७८६ मध्ये ३८ दिवस चाललेल्या लिलावात संग्रह विखुरला. डचेसच्याच मैत्रीण मेरी डिलेनी यांनी सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागद कातरून जवळजवळ हजार फुलांची चित्रे केली. अनेक चित्रांमागे त्यांनी वनस्पतीचे नाव, तारीख, ठिकाण आणि रोप कोणी दिले हेही लिहिले, त्यामुळे ब्रिटिश म्युझियममधली ती चित्रे पाहताना त्यांचा स्नेहपरिवारही कळतो.

आपली नोंदही अशीच असावी. जाड बांधणीच्या वहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. गोधडीला तो कागदी चिठ्ठीवर लिहून सुती दोऱ्याने बांधावा. चिकटपट्टी लावू नये, कारण तिच्या गोंदाचा डाग कापडावर कायमचा राहतो. गाण्यांच्या वहीवर क्रमांक मऊ पेन्सिलीने, आतल्या पानाच्या कोपऱ्यात घालावा.

खरी मेहनत विचारण्यात आहे. वस्तू कोणी दिली, बी कोणाच्या मळ्यातले, गाणे कोणाकडून आले, हे आजींच्याच अहिराणीत किंवा लेवा बोलीत लिहावे, प्रमाण मराठीत सुधारून घेऊ नये. गाण्यासमोर माहेर आणि सासर अशी दोन्ही गावे नोंदवावीत, कारण गाणी लेकीबरोबर गावोगाव जातात. ओट्यावर सोबत गाणाऱ्या बायांची नावेही घ्यावीत, कारण संग्रह एकटीचा क्वचितच असतो. आजींना लिहिता येत नसेल तर त्यांच्या परवानगीने मोबाइलवर आवाज घेऊन शब्द उतरवावेत. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरच्यांनी उतरवून घेतल्यामुळेच त्यांची गाणी आपल्यापर्यंत पोहोचली.

नोंदवहीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. पुढे लेकीसुनांत वाटणी झाली, तर कोणती वस्तू कोणाकडे गेली ते त्या त्या क्रमांकासमोर तारखेसह लिहावे.