आयसीयूतल्या सिस्टरने एम.एस्सी.चा फॉर्म भरण्याआधी

पुढे शिकायचंय हे नक्की असेल, तर आधी एवढंच ठरवा: बेडजवळ राहायचंय की वर्गात शिकवायचंय? नेहमीच्या एम.एस्सी. नर्सिंगमध्ये मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य अशा पाच शाखा आहेत. ट्यूटर व्हायचं असेल तर तीच वाट सोपी. भारतीय परिचर्या परिषदेचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करतच शिकायचा, अभ्यासक्रम वेगळा. त्यात प्रगत औषधशास्त्र, आजारात शरीराचं कार्य कसं बिघडतं (पॅथोफिजिऑलॉजी) आणि रुग्णतपासणी शिकता, पण बराचसा वेळ आयसीयूतच जातो.

पात्रतेत टक्केवारीपेक्षा कागदांवर जास्त जणी अडकतात. एम.एस्सी.ला बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिकला (नर्सिंग डिप्लोमानंतर केलेली बी.एस्सी.) ५५ टक्के, परिचर्या परिषदेची नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. बी.एस्सी.वाल्यांचं हे वर्ष पदवीनंतरचं हवं. पोस्ट बेसिकवाल्यांना आधीचं किंवा नंतरचं, कोणतंही चालतं. अनुभवाच्या दाखल्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत', पद आणि वॉर्ड हवेत. 'सध्या कार्यरत' एवढंच लिहिलेलं पत्र आणलंत की वर्ष मोजायला जागाच उरत नाही. जॉइनिंग लेटर म्हणजे अनुभवाचा दाखला नव्हे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा.

नवी मुंबईतल्या आयसीयूंमध्ये केरळ, कर्नाटकात शिकलेल्या सिस्टर्सही आहेत. त्यांनी मूळ राज्याच्या परिषदेकडून ना-हरकत घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करून घ्यावी. दोन कार्यालयांतला पत्रव्यवहार तुमच्या घाईने हलत नाही, म्हणून प्रवेशाची जाहिरात यायच्या बऱ्याच आधी अर्ज टाका.

इथे जवळच्या जवळ पाहायचं तर नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही दोन्ही अभिमत विद्यापीठं आहेत. त्यांची प्रवेशप्रक्रिया वेगळी चालते, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांची वेगळी. दोन्हीकडे लक्ष ठेवा. तुमच्या वर्षाला त्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, हे भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत स्वतः बघा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

नाईट करून दिवसा एम.एस्सी. उरकू, हा बेत सहसा फसतो. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागात १०० टक्के. चुकलेले दिवस नंतर भरून द्यावे लागतात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणाऱ्यांनी प्रवासही हिशोबात धरावा. संशोधनाचा प्रस्ताव पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर द्यायचा असतो. मार्गदर्शक आणि नैतिकता समितीची तारीख तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच पक्की केली नाही, तर डेटा गोळा करायला वेळच उरत नाही.

रेसिडेन्सी घेणार असाल तर लॉगबुक रोजच्या रोज भरा: एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) वाचला, व्हेंटिलेटरची सेटिंग पाहिली, काय बदल सुचवला, प्रीसेप्टरची (वॉर्डात शिकवणाऱ्या मार्गदर्शकाची) सही. महिनाअखेरीला एकदम सह्या मागितल्या की कोणती केस कोणती हे तुम्हालाही आठवत नाही. प्रवेशाआधी हॉस्पिटलकडून तीन गोष्टी लेखी घ्या: दोन वर्षं पगार किती, बॉन्ड किती वर्षांचा आणि कोर्सनंतर नर्स प्रॅक्टिशनरचं पद आहे की पुन्हा स्टाफ नर्सच. आणि स्टँडिंग ऑर्डर्सची, म्हणजे कोणते उपचार नर्सने स्वतःहून करायचे याच्या लेखी आदेशांची, प्रत मागा. तुमच्या हातात नेमकं काय राहणार, ते त्या कागदावरच कळतं.