छोटा गुण्या: घेताना काय पाहावे, काटकोन कसा तपासावा

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे साधन: जाड मूठ आणि तिला काटकोनात बसवलेले पातळ पाते. बारीक सुतारकामाला १०० मिलिमीटर पात्याचा गुण्या पुरतो. फळीची जाडी, सांध्याचा खांदा (सांध्यातली काटकोनात कापलेली पायरी), पटाशीने साफ केलेली खाच, ड्रॉवरचा आतला कोपरा, अशा जागी मोठा गुण्या नीट बसतच नाही.

घेताना पूर्ण पोलादी, फिटर वापरतात तसा, घ्यावा. लाकडी मूठ हवेतल्या ओलाव्याने फुगते-आकसते, रिव्हेट सैल झाली की कोन सरकतो. लाकडीच घ्यायचा असेल तर मुठीच्या आतल्या बाजूला पितळी पट्टी हवी, नाहीतर ती बाजू घासून झिजते. पाते आणि मूठ मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात छोटी खाच आहे का पाहा. लाकडाच्या कडेवर राहिलेली बारीक कूस आणि भुसा त्या खाचेत मावतात, त्यामुळे मूठ कडेला सपाट टेकते. सरकत्या पात्याचा कॉम्बिनेशन स्क्वेअर खोली मोजायलाही कामी येतो. फक्त स्क्रू आवळल्यावर पाते हाताने हलवून बघा. जरा जरी हलले तर तो नको.

किंमत आणि छाप पाहून काटकोनाची खात्री होत नाही, ती रेघेनेच करावी लागते. त्यासाठी आधी एक सरळ कड हवी. फळी प्लायवर आडवी ठेवून तिच्या कडेने सुरीने रेघ ओढा, फळी रेघेच्या पलीकडे पालथी करून तीच कड त्याच रेघेला लावा. दोन्ही वेळा रेघ जुळली तर कड सरळ. फॅक्टरीत कापलेली कडसुद्धा अशी तपासूनच घ्या.

आता मूठ त्या कडेला दाबून पात्याच्या बाहेरच्या, म्हणजे मुठीपासून दूरच्या, बाजूने रेघ मारा. पेन्सिल नको, सुरी घ्या. पेन्सिलीच्या जाडीतच चूक लपते. गुण्या उलटा करून, म्हणजे मूठ दुसऱ्या बाजूला नेऊन, कडेवरच्या त्याच बिंदूपासून पात्याच्या त्याच बाजूने दुसरी रेघ ओढा. दोन रेघांची एकच रेघ दिसली तर काटकोन बरोबर आहे. टोकाशी फाकल्या तर दिसणारे अंतर खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. १०० मिलिमीटरवर ०.२ मिलिमीटर फाक पडली तर चूक ०.१ मिलिमीटरची. साध्या छपाईच्या कागदाची जाडी साधारण एवढीच. लहान खाचेला हे चालून जाईल, पण हीच चूक ६०० मिलिमीटरच्या फळीवर ०.६ मिलिमीटर होते आणि सांध्यात उघडी फट दिसते. रेघ मुठीपासून दूर झुकत असेल तर कोन ९० अंशांपेक्षा मोठा, मुठीकडे झुकत असेल तर लहान.

इथवर पात्याची फक्त बाहेरची कड तपासली गेली. आतल्या कडेसाठी पात्याची रुंदी मुठीजवळ आणि टोकाशी कॅलिपरने मोजा. दोन्ही मापे सारखी असतील तर आतली कडही बरोबर. पेटीच्या आतल्या कोपऱ्यात मुठीची पाठ टेकते, म्हणून मुठीची रुंदीही दोन्ही टोकांना मोजावी. हे बहुतेक जण सोडून देतात. मग बाहेरून बरोबर असलेली पेटी आतून का खोटी दाखवते, ते कळत नाही.

चूक निघाली तर लगेच कानस उचलू नका. मुठीच्या कडेवर ठेच लागून कंगोरा आला असेल, तर बारीक दगडावर दोन-चार हात फिरवून पुन्हा रेघा मारा. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. लाकडी मुठीच्या गुण्याचे पाते कानशीने घासून काटकोनात आणता येते, पण दर तीन-चार हातांनंतर चाचणी करा. पोलादी गुण्या वाकडा निघाला तर बदलून घ्या. गुण्या फरशीवर पडला, तर पुढची खूण करण्याआधी उलटसुलट रेघा मारून बघा.